दोन नंबरचं तळं

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, पण मला हात लावायला याल तर हाताला काहीच लागणार नाही. मला काच नाही, चौकट नाही, पाठीमागे दिवा नाही. वजनकाट्यावर हिरवट पाटी असते आणि तिच्यात काळे ठिपके जुळून आकडे उमटतात ना, तसल्या पाटीचं मी सोंग आहे. खरं सांगायचं तर मी संगणकातला एक प्रोग्राम आहे. मला अक्षरं द्या, मी ती ठिपक्याठिपक्याने मांडतो आणि त्या नसलेल्या पाटीचं चित्र काढून फाइलमध्ये ठेवतो.

सोंगावर पोट भरणाऱ्याचा स्वभाव संशयी होतो. माझा कुणावर विश्वास नाही, आणि त्या कुणात मीही आलो. आता तुम्ही विचाराल की प्रोग्रामला ऐकू कसं येतं, कळतं कसं. छत्रीचं आणि फळ्याचं आत्मवृत्त वाचताना तुम्ही हे विचारलं नव्हतं, मग मलाच का विचारता?

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की ठाऊक नाही. कुणा एकाला खरी पाटी विकत घ्यायची नव्हती, पण तिच्यावर अक्षरं कशी दिसतील ते बघायचं होतं, म्हणून त्याने मला लिहिलं म्हणे. पुढे हातोहात फिरत मी मेकाँग नदीच्या मुखाकडे, कान थो शहरातल्या ख्वे नावाच्या तरुणाकडे आलो. ख्वे मूळचा उत्तरेचा, हनोईच्या पलीकडचा. कोळंबीच्या तळ्यांना यंत्रं बसवून देणं हा त्याचा उद्योग होता.

समुद्राकडच्या एका खाऱ्या कालव्यावर साउबाईंची तळी होती. कोळंबीची तीन आणि पाणी निवळायला ठेवतात ते साठवणीचं एक. पाण्यातला प्राणवायू मोजणारी नळी प्रत्येक तळ्यात सोडली होती आणि त्याचे आकडे पंपाच्या झोपडीतल्या खऱ्या पाटीवर येत. खाऱ्या हवेने ती पाटी खाल्ली. अर्धे ठिपके मेले, आठाचा तीन दिसायला लागला. तेव्हा साउबाईंनी जुन्या ओळखीच्या ख्वेला फोन करून सांगितलं, "नवी पाटी नको. तीही सडेल. मला त्या पाटीचा फोटो फोनवर येईल असं काहीतरी कर. गुडघ्यासाठी मी सायगॉनला धाकटीकडे जातेय, तिथून बघत जाईन."

अशी माझी नेमणूक झाली. ख्वेने मला कामाला लावण्यात सगळी सकाळ घातली. चार ओळी, ओळीत वीस घरं. ठिपका केवढा, दोन ठिपक्यांत फट किती, कडेला मोकळी जागा किती, हे सगळं तो लिहीत गेला. पेटलेल्या ठिपक्यांचा रंग वेगळा, मागच्या पाटीचा वेगळा, आणि न पेटलेले ठिपकेही किंचित दिसले पाहिजेत, नाहीतर चित्र खरं वाटत नाही, हे त्याचं म्हणणं. चित्र अर्धवट असताना कुणी पाहू नये म्हणून मी ते आधी आडोशाला दुसऱ्या नावाने काढायचं आणि पुरं झालं की नाव बदलून पुढे आणायचं, हीसुद्धा त्याचीच सोय. हिरवा रंग जमेना म्हणून त्याने दोनदा कॉफी मागवली. तळ्यांच्या नावांना मात्र त्याने कॉफी थंड होण्याइतकाही वेळ दिला नाही. बाजारातला वायरमन नळ्यांच्या तारा नव्याने जोडून झाल्यावर फोनवर त्याला म्हणाला, "पहिली तार पहिल्या तळ्यात, दुसरी दुसऱ्यात, तिसरी तिसऱ्यात, शेवटची साठवणीच्या." ख्वेने लिहिलं: तळं १, तळं २, तळं ३, तळं ४. मला तेव्हाच संशय आला होता. पण मला संशय सगळ्याचाच येतो, त्यामुळे माझं कोण ऐकणार.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. सायगॉनच्या गल्लीत साउबाई नाश्त्याच्या गाडीवर फोन उघडून बसत आणि शेजारणींना दाखवत. "हे बघा, माझी तळी. इथे बसून मला कोळंबीचा श्वास दिसतो." बायका माना डोलवत. इतकी स्तुती ऐकली की मला वाटतं, आता काहीतरी मागणार.

तळी मुलांच्या नावाची होती. झोपडीजवळचं, सगळ्यात आधी खणलेलं तळं थोरल्या मुलाचं. त्याला घरात हाय म्हणत. तुमच्या कानाला ते हळहळल्यासारखं वाटेल, पण तिथे ती रोजची हाक आहे. त्याच्या पलीकडचं तळं मधल्या मुलीचं. तिचं नाव लुआ, घरातली हाक बा. तिसरं तळं सायगॉनच्या धाकटीचं, तिची हाक तु. ते हाय आणि लुआ मिळून बघत. घरातल्या सगळ्यांनी माझं पहिलं चित्र पाहिलं आणि एक म्हणजे साठवणीचं, दोन म्हणजे हायचं, तीन म्हणजे बाचं, चार म्हणजे तुचं, हे कुणी कुणाला न विचारता समजून घेतलं. न विचारता समजलेल्या गोष्टींची मला भीती वाटते.

पावसाळी ढग आले तसा एका पहाटे दोन नंबरच्या ओळीतला आकडा घसरला. सूर्य नसला की पाण्यात प्राणवायू कमी होतोच, पण बाकीच्या ओळी ठीक होत्या. साउबाईंनी तिथूनच फोन लावला.

"हाय, चाकं बंद केलीस ना रे?" तळ्यातलं पाणी घुसळणारी चाकं असतात, त्यांच्याबद्दल विचारत होत्या.

"नाही मा, सगळी चालू आहेत. ऐक, आवाज येतोय की."

"आवाज पंपाचाही येतो. वीज वाचवून वरचे पैसे कुठे घालतोस? झुल्यावर लोळायच्या कॉफीघरात?"

"मा, मी सकाळपासून चिखलात उभा आहे. कॉफी कसली घेऊन बसलीस!"

"मग दोन नंबर का पडला?"

मित्रांनो, तुमच्याकडे दोन नंबरचा म्हटलं की भुवया वर जातात. त्या घरातही तसंच व्हायला लागलं. आकडा रोज पहाटे पडे आणि रोज फोन येई. हायने खाद्याची जाळी उचलून दाखवली, त्यात कोळंबी टणाटण उड्या मारत होती. साउबाई म्हणाल्या, ही जाळी धाकट्या तुच्या तळ्यातली असेल. त्याने चाकांचा व्हिडिओ पाठवला. तो कालचा असेल, असं त्या म्हणाल्या. लुआही हळूहळू आईच्या बाजूला गेली. तिच्या स्वतःच्या तळ्यातली कोळंबी खात नव्हती, वाढत नव्हती, पण तिने ते खाद्य विकणाऱ्याच्या नावावर टाकलं होतं. त्याने पोत्यात भेसळ केली, असं ती सगळ्यांना सांगत फिरत होती. हाय कधी म्हणे नळी बिघडली, कधी म्हणे ख्वे चोर आहे. माझाही संशय सगळीकडे फिरला. नळीवर शेवाळ आहे का, तार उंदराने कुरतडली का. पण मी काढत होतो ते आकडे खरे होते, यावर मी आजही ठाम आहे. एकही ठिपका मी इकडचा तिकडे केलेला नाही.

शेवटी एका दुपारी हायचा संयम सुटला. तो झोपडीच्या दारात उभा राहून फोनवर ओरडला, "मा, तुझा माझ्यावर विश्वास आहे की त्या चित्रावर?"

"चित्रावर," साउबाई म्हणाल्या. "चित्र दारू पीत नाही, चित्र झोपा काढत नाही, आणि चित्र उलटून बोलत नाही."

"मग चित्रालाच मुलगा म्हण."

"म्हणेन! पंपाच्या झोपडीची किल्ली लुआकडे दे."

त्याने खरंच किल्ली दिली. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन बिन्ह दुओंगला बुटांच्या कारखान्यात कामाला निघून गेला. चिखलात वाढलेला माणूस, दिवसभर छपराखाली बसून बुटांचे तळ चिकटवायला लागला. जाताना त्याने कुणाशी भांडण केलं नाही, आणि मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

आता सगळी तळी लुआकडे आली. आणि दोन नंबर पडतच राहिला. साउबाई फोनवर सांगत, "हायच्या तळ्यात आणखी एक चाक लाव." नवं चाक कुठून आणणार? लुआने आपल्या तळ्यातलं एक काढलं आणि हायच्या तळ्यात नेऊन लावलं. दुसऱ्या पहाटे दोन नंबर आणखी खाली गेला. "अजून एक लाव," साउबाई म्हणाल्या. लुआने अजून एक काढलं. आकडा अजून खाली. मी मुकाट्याने काढत होतो. हिरव्या पाटीवर काळे ठिपके, अगदी नीट, एकाखाली एक. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, पण मला दिलेल्या कामात ओरडणं नव्हतं.

साउबाईंना आता लुआचाही संशय यायला लागला. "तूही का?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला आणि न कळवता गावी निघाल्या. काठी टेकत, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, त्या सकाळच्या बसने आल्या आणि घरात न जाता थेट हायच्या तळ्यावर उभ्या राहिल्या. लुआ धावत आली.

"मा, निदान पाणी तरी पी."

"आधी हे बघू." त्यांनी फोन उघडला. माझ्या ताज्या चित्रात दोन नंबरची ओळ इतकी खाली होती की त्या पाण्यात कोळंबी जगणं कठीण. समोर मात्र चाकं फेस उडवत होती. त्यांनी काठीने जाळी ओढून वर घेतली. त्यात काचेसारखी स्वच्छ, जाडजूड कोळंबी शेपट्या आपटत होती.

"ही कुणी भरून ठेवली?" साउबाईंनी विचारलं. अशी ती बाई, मित्रांनो. मला ती आवडते.

"कुणी नाही गं! ती तळ्यातलीच आहे!" लुआ रडकुंडीला आली. तेवढ्यात तिची नजर बांधाच्या पलीकडे गेली. तिच्या तळ्यावर बगळे उतरत होते. एकदोन नव्हे, थवाच. बगळ्यांना कुणी चित्र पाठवत नाही. कोळंबी श्वासासाठी डोकं वर काढून पृष्ठभागावर आली की त्यांना आपोआप कळतं. लुआ किंचाळत धावली. तिच्या तळ्यातलं उरलेलं एकच चाक सुस्त फिरत होतं आणि काठाकाठाने कोळंबीच्या मिशाच मिशा वर आल्या होत्या.

त्या मायलेकींनी चिखलात उतरून हायच्या तळ्यातली चाकं ओढून परत आणली. शेजारचे लोक धावले, कुणी पाण्यात ऑक्सिजनच्या वड्या फेकल्या. अर्धी कोळंबी वाचली, अर्धी गेली. गुडघ्यापर्यंत बरबटलेल्या साउबाई बांधावर बसल्या आणि सवयीने त्यांनी फोन पाहिला. दोन नंबरचा आकडा चढत होता. पुढच्या चित्रात आणखी चढला. त्या फोनकडे बघत, मग लुआच्या तळ्यात फिरणाऱ्या चाकांकडे बघत. मग त्यांनी ख्वेला फोन लावला.

"ख्वे, दोन नंबरचं तळं कुठलं?"

"दुसरं, काकू."

"दुसरं म्हणजे कितवं?"

"म्हणजे... पहिल्यानंतरचं."

"आणि पहिल्याचा नंबर काय?"

"एक."

"मेल्या, पहिल्याचा नंबर एक कसा असेल?"

ख्वेला वाटलं, काकूंना ऊन लागलं. मित्रांनो, तुम्हालाही तसंच वाटलं असेल, म्हणून सांगतो. त्या दक्षिणेत मुलांना आकड्यांनी हाक मारतात. हाय म्हणजे दोन, बा म्हणजे तीन, तु म्हणजे चार. थोरल्या मुलापासूनच दोन सुरू होतात. एक कुणालाच म्हणत नाहीत. कुणी म्हणतं, भुतंखेतं पहिल्या लेकराला शोधत आली तर त्यांना ते सापडू नये म्हणून. कुणी आणखी काही कारण सांगतं. खरं कारण कुणाला ठाऊक नाही. साउबाई स्वतः 'साउ', म्हणजे सहा, आणि त्या आईच्या पाचव्या. म्हणून तळं १ पाहिल्यावर त्या घरात कुणालाही ते थोरल्याचं वाटलं नाही. जे मुलांत मोजलं जात नाही, ते साठवणीचं तळं, तेच एक असणार.

ख्वेच्या उत्तरेत मात्र हाय म्हणजे दुसरा मुलगा. इतकी वर्षं तो या घराशी बोलत होता आणि त्याची समजूत होती की यांचा थोरला मुलगा लहानपणीच गेला असावा. आईच्या काळजाला हात लागू नये म्हणून बिचाऱ्याने कधी विषयच काढला नाही. माझं तर आणखीच वेगळं, मी ओळी शून्यापासून मोजतो. तिघं जण तीन ठिकाणांहून मोजायला सुरुवात करणार आणि आकडा एकच असला तरी बोटं वेगवेगळ्या तळ्यांकडे दाखवणार.

दोघांनी फोनवर आपापली मोजणी एकमेकांना सांगितली. मग साउबाई म्हणाल्या, "म्हणजे हायचं तळं कधी पडलंच नव्हतं."

"नाही, काकू. एकदाही नाही."

त्या दिवसापासून त्या हायला फोन लावत होत्या. तो उचलत नव्हता. लुआने लावला, तोही वाजत राहिला. ओळखीच्या माणसाकडे निरोप दिला, त्याचंही उत्तर आलं नाही. साउबाई जेवायला बसायच्या, भाताच्या वाडग्यात मासा तसाच ठेवून उठायच्या. बिन्ह दुओंगला जाऊन शोधायचं तर कुठल्या कारखान्यात, कुठल्या खोलीत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

याच दिवसांत मला एका चोराचा सुगावा लागला. दर सकाळी, कामाची पाळी सुरू होण्याच्या वेळेला, कुणीतरी लांबून माझं चित्र उघडत होतं. साउबाई आता गावीच होत्या, धाकटीला त्यात रस नव्हता. मग हा कोण? दुसऱ्याच्या तळ्यावर डोळा ठेवणारा व्यापारी असेल, अशी माझी खात्री झाली. तळ्यांची नावं सुधारायला ख्वे आला तेव्हा त्यालाही ती नोंद दिसली. त्याने नीट पाहिलं आणि साउबाईंना हाक मारली.

"काकू, बिन्ह दुओंगकडून कुणीतरी रोज तळी बघतंय."

साउबाई काठी न घेताच उठल्या. "फोन उचलत नाही, पण तळं बघतो," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "ख्वे, त्या चित्रावर मला लिहायचं आहे. साठवणीच्या तळ्याची ओळ पुसून ती जागा मला दे."

"चालेल. पण वीसच घरं आहेत, काकू. अक्षरं आणि मधल्या जागा धरून वीस."

"वीस भरपूर झाली. लिही: तू तेव्हाच नीट समजावून सांगितलं असतंस तर—"

"नाही मावत."

"बरं. चित्र इतकं खरं दिसत होतं की कुणीही—"

"काकू, ओळ संपली."

साउबाई विचारात पडल्या. बोटांवर मोजून म्हणाल्या, "ख्वे चुकला, घरी ये. हे?"

ख्वेने मोजलं. मावत होतं. त्याने ते लिहिलंही. मला भीती वाटली, मित्रांनो, कारण मला दिलं ते मी काढणारच होतो.

"मा," लुआ हळूच म्हणाली.

साउबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग मान खाली घातली. "खोड ते," त्या म्हणाल्या. "लिही: हाय रे, मा चुकली, घरी ये."

त्यांच्या भाषेत ते एकोणीस घरांत बसलं. माझ्या ठिपक्यांत अक्षरांवरची स्वरचिन्हं मात्र मावत नाहीत, आणि चिन्ह नसलेलं 'मा' आईही असतं, भूतही असतं. लुआला तशातही हसू आलं. "मा, दादा वाचेल भूत चुकलं म्हणून."

"वाचू दे. इतके महिने मी दुसरं काय होते?"

दुसऱ्या सकाळी पाळीच्या वेळेला चित्र उघडलं गेलं. लगेच पुन्हा उघडलं. मग पुन्हा. दर मिनिटाला मी तेच चार ओळींचं चित्र नव्याने काढत होतो आणि कुणीतरी ते पुन्हा पुन्हा मागत होतं, जणू पुढच्या चित्रात ती ओळ नसेल अशी शंका त्याला येत होती. मी ती प्रत्येक वेळी काढली. मग मागणी थांबली. दुपारपर्यंत कुणी चित्र उघडलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. मला वाटलं, रागावला. हे बघणंही सोडलं त्याने. साउबाई ख्वेला फोन करून विचारत होत्या, "उघडलं का?" तो म्हणे, "नाही, काकू."

तेव्हा हाय त्याच्या तळ्याच्या बांधावर उभा होता. बायको सामान घेऊन मागे, आणि हा पँट दुमडून खाद्याची जाळी वर ओढत होता. तळ्यावर आलेल्या माणसाला चित्र उघडायची गरज नसते, हे मला तेव्हा कळलं. साउबाईंनी त्याला पाहिलं आणि फोन हातात तसाच धरून म्हणाल्या, "जेवलास का?"

"नाही."

"मग चिखलात काय उतरलास? आधी जेव."

आता मी म्हातारा झालो आहे. तळ्यांसाठी रंगीत आलेखांचं नवं काहीतरी आलंय, त्यात बोटाने ढकललं की सगळं सरकतं. माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण माझी चौथी ओळ अजून तशीच आहे. एकदा ख्वेने विचारलं होतं, "काकू, ती ओळ आता पुसू? साठवणीच्या तळ्याचा आकडा दिसत नाही." साउबाई म्हणाल्या, "राहू दे."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना नीट जपायचं असेल तर रंग आणि ठिपके नंतर बघा. आधी कुठली ओळ कुणाची, ते त्या घरच्या माणसाला तोंडाने विचारा, आणि आकडा वाईट दिसला तर माणसाला बोल लावायच्या आधी बांधापर्यंत चालत जा. आणि एक मागणं माझं स्वतःसाठी. कुणी हुशार माणूस मला दुरुस्त करायला आला आणि ही चौथी ओळ चुकीची आहे म्हणून पुसायला लागला, तर कृपा करून त्याचा हात धरा.